विटा ठेवल्यावर उठायचं नाही

१

गावाचं नाव सांगत नाही. सांगून काय करायचंय? निलंग्याकडं जाणारी एष्टी ज्या फाट्यावर धूळ उडवत दोन मिनिटं थांबायची, तिथून पाऊण कोस आत, एवढं कळलं तरी पुरे. तिथं एक सरकारी दवाखाना होता. लाल कौलं, दारात कडुनिंब, आत चार लोखंडी कॉट. डॉक्टर येत राहिले, बदलून जात राहिले. नर्सबाई मात्र एकच, सरजाबाई. मूळची नांदेडची, बौद्ध घरातली, घराण्यात पहिली नोकरीला लागलेली लेक. नवरा लवकर गेला. लहानग्या चांगुणाला कडेवर घेऊन बाई या गावात आली आणि इथलीच होऊन गेली.

काय दिवस होते ते! सकाळी स्टोव्हवर सुया उकळायला ठेवायच्या, तोवर केरबा शिपाई व्हरांडा झाडून काढायचा आणि झाडता झाडता गावातल्या सगळ्या बातम्या सांगायचा. स्पिरिटचा वास, कडुनिंबावरचे साळुंक्यांचं भांडण, दारात चप्पल काढून आत येणारी माणसं. "बाई, हात बघा की जरा." हात बघायचं काम डॉक्टरांचं, पण माणसं बाईकडंच यायची. आता लातुरात मोठमोठे दवाखाने झाले, आत शिरताना चप्पल कुणी काढत नाही. असो.

औषधाच्या कपाटाखाली चार विटा ठेवलेल्या असायच्या. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या. नवख्या माणसाला वाटायचं, बांधकामातल्या उरल्या असतील. पण त्या विटांनी किती बाया वाचवल्या त्याची मोजदाद नाही. पहिले डॉक्टर हणमंतराव, त्यांनी बाईला आल्या आल्या शिकवलं होतं.

"बाळंतिणीचं रक्त लई गेलं, नाडी हाताला लागंना, तर वाट बघायची न्हाई. कॉटच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा. पाय वर, डोकं खाली. आहे तेवढं रक्त मेंदूकडं येतं. इंजेक्शन, सलाईन, गाडी, सगळं येईपर्यंत जीव धरून राहतो."

"आणि कवर ठेवायच्या?"

"अर्धा तास. मग वरच्या दोन काढायच्या, थोड्या वेळानं खालच्या. एकदम काढायच्या न्हाईत. आणि हे नीट ऐका. डोकं खाली गेलं की पोटातला भार छातीवर येतो. ज्याला दमा हाय, काळीज कमजोर हाय, त्याची छाती भरून येते, निजल्या जागी गुदमरतो. म्हणून विटा ठेवल्या की ठेवणाऱ्यानं स्टूल घेऊन तिथंच बसायचं. श्वास मोजायचा. उठायचं न्हाई. आग लागली तरी उठायचं न्हाई."

बाईनं मान डोलवली होती. अठ्ठावीस वर्षांचं वय, सगळं पाठ.

२

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तीन नंबरच्या कॉटवर एक म्हातारी होती, हिवतापाची. ताप उतरला होता, घरी जायच्या गोष्टी चालल्या होत्या. दुपारच्याला बाई तिच्या जवळून गेली, तर म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली, "बाई, उशी द्या जरा. डोकं खाली जाऊन राहिलंय."

बाई जागच्या जागी थांबली. म्हातारीच्या डोक्याखाली दवाखान्याची उशी होती. चांगली जाड. कॉट सपाट. विटा कपाटाखाली.

"आजी, उशी हाय की."

"हाय व्हय?" म्हातारीनं डोळे उघडले, हातानं चाचपलं आणि हसली. "मग काहून असं वाटलं?"

तापाचं डोकं, भ्रम होतो. बाईनं मनाची समजूत घातली. सहा महिन्यांनी त्याच कॉटवर पाय मोडलेला एक गवंडी होता. तोही दुपारीच म्हणाला, "बाई, उशी द्या जरा. डोकं खाली जाऊन राहिलंय." अक्षर न् अक्षर तेच. गवंडी कर्नाटकाकडचा, म्हातारीला त्यानं जन्मात बघितलेलं नाही.

सरजाबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. घरात त्या गोष्टी कधीच सोडल्या होत्या. तिनं परातीत पाणी घेतलं आणि कॉटवर ठेवून बघितलं. पाणी चारी कडांना सारखं. फरशीवर ठेवलं, सारखं. तरी केरबाला सांगून तीन नंबरची कॉट चार नंबरच्या जागी नेली आणि चारची इकडं आणली. जागा बदलली तर बोलणं कॉटच्या मागं गेलं नाही. ते तिथंच, खिडकीजवळच्या कोपऱ्यात राहिलं. वर्षातून दोनदा, तीनदा. आणि एक गोष्ट बाईच्या ध्यानात आली, ती तिनं केरबालाही सांगितली नाही. गावात टँकर आला, त्याचा भोंगा वाजला, की मगच कुणीतरी उशी मागायचं.

मग तिनं त्या कोपऱ्यातल्या कॉटवर पेशंट घेणंच बंद केलं. वर घोंगड्या रचून ठेवल्या. कुणी विचारलं तर सांगायची, "पाय हलतोय तिचा, दुरुस्तीला द्यायचीय." मधल्या काळात जिल्हा फुटला, उस्मानाबादचा आमचा तालुका लातूरचा झाला, नवे शिक्के आले, नवे साहेब आले, मिटिंगा सुरू झाल्या. कॉट तशीच राहिली.

खरं म्हणजे ते बोलणं कुणाचं आहे, हे बाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

३

महानंदा शरणम्माची एकुलती एक लेक. बाजारपेठेत शरणम्माच्या नवऱ्याचं, महादेवप्पाचं किराणा दुकान. लिंगायताचं खाऊन-पिऊन सुखी घर. लेक उदगीरला दिलेली, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. बहात्तरचं साल. विहिरींनी तळ दाखवलेला, माणसं खडी फोडायला गेलेली, गावाला एक दिवसाआड टँकर. महानंदाला मुलगा झाला आणि रक्त थांबेना. बैलगाडीतून आणली तेव्हा ओठ पांढरेफटक.

डॉक्टर खडीच्या कामावर, लोकांना टोचायला गेलेले. बाई एकटी. पण बाई घाबरली नाही. खिडकीजवळच्या कॉटवर निजवली, इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, पायथ्याखाली चार विटा सरकवल्या. दहा मिनिटांत नाडी हाताला लागली. महानंदानं डोळे उघडले. शरणम्मा दारात उभी राहून रडत होती, तिचा चेहरा खुलला.

"जगली माझी पोर! बाई, तुमचे उपकार..." असं म्हणत तिनं घरून आणलेली उशी पुढं केली. हिरव्या खणाची खोळ होती तिला. "ही तिच्या डोक्याखाली द्या बाई. लहानपणापास्नं तिला दोन उश्यांबिगर झोप येत न्हाई. सपाट निजली की धाप लागते तिला."

इथं बाईनं ऐकायला पाहिजे होतं. लहानपणापासून दोन उश्या, सपाट निजलं की धाप. हणमंतरावांनी दुसरं काय सांगितलं होतं? पण पोर जगली होती, बाईच्या हाताला यश आलं होतं, आणि यशानं माणसाचे कान बंद होतात.

"उशी चालत न्हाई शरणम्मा. डोकं खालीच पाहिजे. तुम्ही घरी जा, बाळाला बघा." उशी घेतली आणि कपाटावर टाकली. शरणम्मा गेली.

बाई स्टुलावर बसली. वीस मिनिटं बसली. तेवढ्यात भोंगा वाजला. टँकर.

दवाखान्यात थेंब नव्हता. केरबा डॉक्टरांबरोबर गेलेला. बाई उठली, दोन बादल्या घेतल्या. महानंदा म्हणाली, "बाई, उशी द्या जरा. डोकं खाली जाऊन राहिलंय."

"पडून राहा गं. दम काढ. आत्ता आले."

दोन बादल्या भरून झाल्या तेव्हा बाई परत फिरली असती तरी चाललं असतं. पण क्वार्टरात पाच वर्षांची चांगुणा होती, सकाळपासून पाणी मागत होती. बाईनं बादल्या कडेला ठेवल्या आणि स्वतःची घागर घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. दीड तास गेला.

परत आली तेव्हा महानंदाचा चेहरा सुजून निळा झाला होता. तोंडाशी फेस. रक्त केव्हाच थांबलेलं, चादर कोरडी. बाईनं आधी काय केलं असेल? विटा काढल्या. चारी विटा काढून कपाटाखाली सरकवल्या आणि मगच बोंब मारली. डॉक्टर संध्याकाळी आले, म्हणाले, "रक्त लई गेलं होतं." बाईनं मान डोलवली.

४

लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. तसंच बसवून मिरवत नेतात आणि तसंच मातीत देतात. बाई त्या घरी गेली होती, जावंच लागलं. सोप्यात महानंदाला बसवलं होतं, अंगावर हिरवं लुगडं, गळ्यात हार.

मान ताठ राहीना. भिंतीतल्या खुंटीला कापड बांधून कपाळावरून घेतलं, सुटलं. पुन्हा बांधलं. मान मागं कलायची, हनुवटी वर, डोळे आढ्याकडं. बाया तोंडाला पदर लावून मागं सरकल्या. जंगमस्वामी मंत्र म्हणता म्हणता थांबले. शरणम्मा मात्र लेकीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसली होती आणि विचारत होती, "असं काहून करायलीस गं माझे बाई? सरळ बस की. सरळ बस की गं."

शेवटी तशीच नेली. बाई घरी आली, चांगुणाला घागरीतलं पाणी पाजलं, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. हिरवी उशी कपाटावर राहिली. परत नेऊन द्यायची म्हणजे ती काढून घेतली होती हे सांगायचं. नंतर ती बाईनं कपाटाच्या आत, अगदी मागं सरकवून टाकली.

५

शहाऐंशी साल. पुन्हा दुष्काळ, पुन्हा टँकर. चांगुणा आता एकोणीस वर्षांची होती. विष्णुपुरीच्या धरणावर कामाला असलेल्या चांगल्या मुलाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. जावई म्हणाला होता, "मामी, नांदेडला मोठ्या दवाखान्यात करू की." बाईनं हसून उडवून लावलं. आख्ख्या गावाच्या बाळंतपणाला माझे हात चालतात, माझ्या लेकीला चालत नाहीत का?

सकाळी अकराला मुलगी झाली, गोरीपान. आणि बाराच्या सुमाराला चांगुणाच्या अंगाखालची चादर लाल व्हायला लागली. थांबेना.

डॉक्टर जीप घेऊन लातूरला मिटिंगला. हगवणीची साथ होती, तीन कॉट भरलेल्या. रिकामी एकच, खिडकीजवळची. बाई क्षणभर तिच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं घोंगड्या ओढून खाली फेकल्या. केरबाला ओरडली, "फाट्यावर पळ! मिळंल ती गाडी थांबव, ट्रक असला तरी!" चांगुणाला तिथं निजवली, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पायथ्याखाली दोन-दोन विटा. स्टूल ओढून बसली. लेकीचा हात हातात घेतला.

नाडी यायला लागली. बारीक, पण आली. पाळण्यात नात झोपलेली. दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर पडलेलं. एक माशी फिरत होती.

"माय," चांगुणा म्हणाली, "उशी दे जरा. डोकं खाली जाऊन राहिलंय."

आता हे कुणाचं समजायचं? पोरीला खरंच धाप लागतीय, की कोपरा बोलतोय? धाप असेल तर विटा काढायला पाहिजेत, आत्ताच्या आत्ता. कोपऱ्याचं ऐकून विटा काढल्या तर उरलंसुरलं रक्त पायात उतरणार आणि लेक हातची जाणार. बाईचा हात विटेवर गेला. परत आला. तिनं घड्याळ धरून श्वास मोजले. वीस. नखं बघितली, गुलाबी. छातीला कान लावला, स्वच्छ. विटा राहू देत. हणमंतरावांनी शिकवलं तेच खरं.

आणि भोंगा वाजला.

दवाखान्यात पाण्याचा थेंब नव्हता. हगवणीच्या तीन माणसांचे ओठ सुकलेले. बाईनं दात आवळले आणि स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. "न्हाई उठणार," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकायलीस का? आग लागली तरी न्हाई उठणार."

६

ती उठली नाही. हे ती शपथेवर सांगायची. मिनिट न मिनिट तिला आठवत होतं, माशी आठवत होती, ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं तेही आठवत होतं. तासाभरानं चांगुणाच्या गालावर रंग आला, रक्त थांबलं. बाईनं वाकून बघितलं तर वरच्या दोन विटा काढलेल्या होत्या आणि भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. अगदी वेळेवर. आपणच काढल्या असतील. डोकं ठिकाणावर नव्हतं ना!

केरबा ट्रक घेऊन आला. मागोमाग डॉक्टरांची जीपही आली. डॉक्टरांनी तपासलं, बीपी बघितलं. "वाचली. लातूरला न्यायची गरज नाही. बाई, तुमच्या विटांनी वाचवलं." बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाई, पानी बी तुमीच भरलं का?" केरबा व्हरांड्यातून म्हणाला. "मला ठेवायचं की."

"कुठलं पाणी?"

व्हरांड्यात दोन्ही बादल्या भरलेल्या होत्या. शेजारी बाईची घागर, काठोकाठ.

"येड लागलं काय तुला? मी हितून हलले न्हाई."

केरबा हसला. "मी ट्रकातून बघितलं की तुमाला. रांगेत हुबं. घागर काखेत. हाक बी मारली."

बाईनं खाली बघितलं. लुगड्याचा काठ ओला होता. पायांना चिखल लागला होता.

ती लेकीजवळ गेली. तिनं विचारलं, "चांगुणा, मी हितंच होते न्हाई गं?"

"गेली होतीस की पाण्याला," चांगुणा पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली. "भोंगा वाजला अन् उठलीस. मी लई हाका मारल्या. मग ती बाई बसली तुझ्या स्टुलावर. हिरवं लुगडं. तिनं माझं डोकं धरलं खालून, हात गार होते तिचे. मला बरं वाटलं. विटा बी तिनंच काढल्या. कोण होती गं ती? एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. सारखी आढ्याकडंच बघत होती."

तेव्हा बाईला आठवलं. माशीच्या आणि उन्हाच्या आठवणीखालून ते वर आलं. दोन हातांत बादल्या, डोळ्यांवर ऊन, ती दारात उभी आहे. आत स्टुलावर कुणीतरी दाराकडं पाठ करून बसलंय. हिरवी पाठ, ताठ. पाठमोऱ्या माणसाचा चेहरा दिसत नसतो. बाईला दिसला होता. उलटा, हनुवटी वर, कपाळ खाली, डोळे उघडे. तिच्याकडंच बघणारे.

पुढचं तिला आठवेना. आठवायचा प्रयत्नही तिनं केला नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईनं कपाटातून हिरवी उशी काढली आणि बाजारपेठेत गेली. महादेवप्पा वारलेले, दुकान पुतण्या बघायचा. शरणम्मा सोप्यात, त्याच भिंतीला टेकून बसलेली, हातात निवडायची तूर. डोळ्यांनी कमी दिसायचं. उशी हातात दिल्यावर तिनं खण चाचपला आणि तिचे हात थांबले.

बाई खाली फरशीवर बसली आणि सगळं सांगितलं. उशी काढून घेतली ते. पाण्याला गेले ते. दोन बादल्या भरल्यावरही घागरीसाठी थांबले ते. विटा लपवल्या ते. चौदा वर्षं पोटात होतं, ते एका दमात बाहेर आलं. "मी मारली तुमची पोर, शरणम्मा. रक्तानं न्हाई गेली ती. मला शिव्या द्या, गावाला सांगा, काय करायचं ते करा." मग कालचं सांगितलं. चांगुणा जगली कशी, तिचं डोकं कुणी धरलं.

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. शरणम्मानं उशी मांडीवर घेतली, दोन्ही तळवे तिच्या दोन बाजूंना ठेवले, बसवलेल्या लेकीचं डोकं धरलं होतं तसे.

"स्टुलावर बसली होती म्हन्ता?"

"हाव."

"तुमच्या लेकीनं बघितलं?"

"हाव. आणि... मी बी."

म्हातारीनं मान पुढं केली. तिचे डोळे बाईचा चेहरा शोधत होते. शिव्या नव्हत्या त्या डोळ्यांत, रागही नव्हता. चौदा वर्षं ती एकच गोष्ट विचारत आली होती, भिंतीला, देवाला, रात्री अंथरुणाला. आज सांगू शकेल असं माणूस समोर बसलं होतं.

"मान सरळ होती का वो तिची?"

बाई खरं सांगायला आली होती. एवढं एकच ठरवून आली होती की आता या घरात खोटं बोलायचं नाही.

"हाव शरणम्मा," ती म्हणाली. "एकदम सरळ होती."

शरणम्मानं उशी छातीशी धरली. बाई उठली, दारात चप्पल घातली आणि दवाखान्यात गेली. हगवणीच्या तिन्ही कॉटवरची माणसं पाण्याची वाट बघत होती.